अंगणातला मोठा बंब: लाकडावर चालणारा पाण्याचा बॉयलर घरच्या घरी कसा बांधावा

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत घरापासून थोड्या अंतरावर पत्र्याची एक खोपटी असते. तिच्यात लाकूड जळतं, भोवतालचं पाणी तापतं आणि ते जमिनीखालच्या नळ्यांमधून घरात जाऊन खोल्या उबदार ठेवतं. मराठवाड्यात घर तापवण्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. परभणीत एखाद्या हिवाळ्यात पारा ५ अंशांखाली जातो, पण ती थंडी काही आठवड्यांची आणि तीही पहाटेची. शिवाय पत्र्याचं छप्पर आणि फटीफटीच्या दारांच्या घरात कितीही ऊब सोडली तरी ती टिकत नाही. आधी फटी बुजवा, आढ्याखाली छत घाला, खोलीचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

आपल्याला लागतं ते आंघोळीचं पाणी. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात, शेतातल्या आखाड्यावर, मुलांच्या वसतिगृहात किंवा दुधाच्या धंद्यात कॅन धुवायला सकाळी दोन-तीनशे लिटर गरम पाणी हवं असतं. त्यासाठी हाच बॉयलर लहान करून अंगणात बांधता येतो, आणि तो कसा बांधायचा हे पुढे सांगतो.

घरात चार-पाचच माणसं असतील तर मात्र हे करू नका. तांब्याचा साधा बंब पुरे. गच्चीवर जागा आणि हातात पैसा असेल तर आधी सौर हीटर घ्या, आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. लाकडाचा बॉयलर शोभतो तो जिथे माणसं पंधरा-वीस आहेत, तुराट्या-पऱ्हाट्या बांधावर पडून आहेत आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे.

आधी हिशोब

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायचं तर ८,००० किलोकॅलरी लागतील. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी असतात. तीन दगडांच्या चुलीवर यातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकी वाऱ्यावर जाते. म्हणजे तेवढ्याच पाण्याला १९-२० किलो जळतण. नीट बांधलेल्या बॉयलरमध्ये निम्मी उष्णता पाण्यात उतरते आणि काम पाच किलोच्या आत होतं. ही बचत रोजची आहे. ज्या बाईला डोक्यावरून मोळी आणावी लागते तिला हा फरक सांगावा लागत नाही.

६० अंशांच्या पाण्यात तेवढंच थंड पाणी मिसळलं की ४० अंशांचं, आंघोळीजोगं दुप्पट पाणी होतं. म्हणून २०० लिटरच्या भांड्यावर माणशी एक मोठी बादली धरली तर पंधरा-सोळा माणसं आरामात न्हातात. विसाचा हिशोब कागदावर बसतो, पण खालून थंड पाणी येत राहतं आणि शेवटच्या बादल्या कोमट होतात.

आग आणि पाणी यांची गाठ कुठे घालायची

घरी बॉयलर करणारा जवळजवळ प्रत्येक जण सुचेल तेच करतो: आगीच्या चारही बाजूंनी पाणी. जितका पत्रा पाण्याला लागेल तितकं चांगलं, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. पाण्याला टेकलेला पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही, आणि लाकडातून निघणारा धूर पूर्ण जळायला त्याच्या कितीतरी पट तापमान लागतं. थंड भिंतीला लागून ज्योत विझते, न जळलेला धूर डांबरासारखा काळा चिकट होऊन पत्र्यावर बसतो. लाकूड गेलं, पाणी कोमट, आणि शेजारी भांडायला दारात.

परदेशातल्या जुन्या बॉयलरांची हीच रड होती. त्यांच्या धुराबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१५ साली अशा बॉयलरांना धुराची मर्यादा घातली आणि २०२० पासून ती आणखी कडक केली.

म्हणून आपल्या आराखड्याचा कणा एकच: विटांच्या भट्टीत लाकूड आधी पूर्ण जळू द्यायचं, आणि मग तो तापलेला वायू पाण्याच्या भांड्यातून न्यायचा. खाली भट्टी, वर भांडं, भांड्याच्या पोटातून उभ्या नळ्या, त्यावर धुरांडं.

दाब: इथे हयगय नको

पाण्याची वाफ झाली की ते दीड हजार पटीहून जास्त जागा मागतं. तोंड बंद केलेलं भांडं आगीवर ठेवणं म्हणजे अंगणात बॉम्ब ठेवणं, मग त्याला कितीही चांगला व्हॉल्व लावलेला असो. क्षार बसून व्हॉल्व जाम होतो आणि ते कळायला उशीर झालेला असतो.

आजीच्या बंबाचं डोकं पाहा. नरसाळ्यातून थंड पाणी ओतलं की तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर पडतं, आणि नरसाळं कायम उघडं. दाब साठायला जागाच नाही. आपण हेच मोठ्या मापात करतो.

गच्चीवरच्या टाकीची नळी सरळ बॉयलरला जोडू नका. टाकी भांड्याच्या सहा मीटर वर असेल तर ५८ सेंटिमीटर व्यासाच्या वरच्या झाकणावर आतून दीड टनाचा जोर येतो. सपाट पत्रा फुगतो, वेल्डिंग चिरतं. त्याऐवजी बॉयलरशेजारी वीस-तीस लिटरची स्टीलची एक छोटी टाकी उंच चौथऱ्यावर किंवा अँगलच्या घोडीवर ठेवा. तिला कूलरला असतो तसा फ्लोट व्हॉल्व बसवा. गच्चीवरचं पाणी या टाकीत येईल आणि तिथून आपल्या ओघाने बॉयलरमध्ये जाईल. तिच्यातल्या पाण्याची पातळी भांड्याच्या माथ्याहून फूटभर वर असावी, त्यापेक्षा जास्त नाही. या जोडणीत शॉवर चालणार नाही, हे घरातल्या तरुण मंडळींना आधीच सांगून ठेवा.

कायद्याचंही विचारलं जातं. १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आणि त्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा, दोन्हींचा रोख दाबाखाली वाफ तयार करणाऱ्या भांड्यांवर आहे. उघड्या तोंडाचा, शंभर अंशांखालीच पाणी तापवणारा बंब त्यात येत नाही. पण त्यातून वाफ काढून हळद शिजवायची किंवा खवा आटवायचा विचार मनात आला, तर तो प्रकार वेगळा, तिथे हा लेख सोडून परवानाधारक माणसाकडे जा.

जागा

हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. म्हणून बॉयलर घराच्या पश्चिमेला बरा, धूर घरात शिरत नाही. तरी तुमच्या गल्लीतला वारा तुमच्या भिंती ठरवतात. पहाटे उदबत्ती लावून दोन-चार दिवस पाहा.

कडब्याची गंजी, तुरीची गंज, गोठ्याचं छप्पर यांच्यापासून किमान पन्नास फूट लांब. पऱ्हाटी जळताना ठिणग्या उडवते. धुरांड्याच्या तोंडाला जाळी लावाच, पण केवळ जाळीच्या भरवशावर गंजीशेजारी भट्टी पेटवू नका.

दुसरीकडे, न्हाणीपासून फार लांबही नको. इंचभर व्यासाच्या नळीत दर मीटरला अर्धा लिटर पाणी उभं राहतं. पंधरा मीटर नळी असेल तर गरम पाणी येईपर्यंत सात-आठ लिटर थंड पाणी वाहून जातं, आणि ते प्रत्येक खेपेला. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा मुलखात हे परवडत नाही. न्हाणीच्या भिंतीबाहेर चार-पाच मीटरवर जागा साधा. न्हाणीच्या आत किंवा बंद पडवीत मात्र कधीच नाही. न जळलेल्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि बंद खोलीत माणूस झोपेतच जातो.

भट्टी

गवंड्याकडून दीड फुटाचा पाया आणि जमिनीवर अर्धा फूट ओटा करून घ्या. काळ्या रानात घर असेल तर पाया मुरमापर्यंत नेणं भाग आहे, नाहीतर उन्हाळ्यात जमीन भेगाळली की भट्टीही भेगाळते.

ओट्यावर आधी राखेचा कप्पा, वीस सेंटिमीटर उंच, समोर लोखंडी दार. हे दार कमी-जास्त उघडता आलं पाहिजे, कारण आगीची लगाम तीच. त्यावर जाळी, २५ बाय ३० सेंटिमीटरची. बिडाची मिळाली तर उत्तम, नाहीतर २० मिलिमीटरच्या सळयांची वेल्डिंगवाल्याकडून करून घ्या. सळयांमध्ये बोटभर फट. जालन्याच्या भंगार बाजारात जुन्या बिडाच्या जाळ्या सापडतात, एक चक्कर वाया जात नाही.

जाळीच्या वर जळण्याची खोली, आतून ३० बाय ३५ आणि जाळीपासून भांड्याच्या बुडापर्यंत ४५ सेंटिमीटर उंच. ही उंची कमी करायचा मोह होतो, कारण भांडं आगीच्या जवळ आलं की लवकर तापेल असं वाटतं. तसं करू नका. ज्योतीला पूर्ण जळायला ही उंची लागते.

आतला थर भट्टीच्या विटांचा, म्हणजे फायर ब्रिकचा. त्या फायर क्लेमध्ये, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीतच बसवा, सिमेंटमध्ये नाही. सिमेंटचा सांधा या उष्णतेत भुसभुशीत होऊन गळतो. बाहेरून साध्या भाजक्या विटा, आणि दोन थरांमध्ये दोन इंच फट ठेवून ती चाळलेल्या कोरड्या राखेने भरा. राख फुकट मिळते आणि उष्णता धरून ठेवते. आतल्या बाजूला नदीतले गोटे किंवा काळा दगड वापरू नका, दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन कपच्या उडतात.

समोर लाकूड घालायचं दार, २० बाय २० सेंटिमीटर. दाराच्या वरच्या अंगाला विटांमधून अर्ध्या इंचाची आठ-दहा भोकं आत सोडा. जाळीखालून येणारी हवा निखारे फुलवते, ही वरची हवा धूर जाळते. एवढ्या भोकांनी धुराचा रंग बदलतो.

भांडं

हे काम कसलेल्या वेल्डिंगवाल्याचं, स्वस्तातल्याचं नाही. व्यास ५८ सेंटिमीटर, उंची ८५ सेंटिमीटर. पोटातून तीन इंची पाच नळ्या, खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत; पाट म्हणजे भांड्याचं सपाट बूड आणि सपाट झाकण. एवढ्या मापात साधारण २०० लिटर पाणी मावतं आणि आगीला एक चौरस मीटरहून जास्त पत्रा लागतो. त्या नळ्यांचा दुसरा उपयोग म्हणजे दोन्ही पाट त्या एकमेकांना धरून ठेवतात. नळ्या सी क्लास, म्हणजे जाड पत्र्याच्या घ्या, पण काळ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या नळ्या वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो तो वेल्डिंगवाल्याच्या छातीत जातो.

बाजूचा पत्रा ४ मिलिमीटर, पाट ६ मिलिमीटर. स्टेनलेस परवडलं तर ३०४ ग्रेडचं घ्या, मात्र ते आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडेच द्या. तेलाचा जुना २०० लिटरचा ड्रम अनेक जण सुचवतात. त्याचा पत्रा मिलिमीटरभर जाड असतो, आगीवर दोन हिवाळे टिकला तर नशीब. आणि औषधाचा, रसायनाचा ड्रम तर अंगणातही आणू नका.

पाच नळ्या मधोमध गोलात घ्या, म्हणजे वरच्या पाटावर कडेने जागा उरेल. मधल्या भागावर ४० सेंटिमीटर व्यासाचा धुराचा डबा बोल्टने बसवा, वेल्ड करू नका, नळ्या साफ करायला तो काढावा लागणार आहे. कडेच्या मोकळ्या जागेत इंचाचा सॉकेट घ्या: ही वाफेची नळी. ती सरळ वर जाऊन छोट्या टाकीच्या पाण्याहून दीड फूट उंच जाईल आणि वळून त्याच टाकीवर उलटी उघडेल. पाणी उकळलंच तर थेंबन् थेंब टाकीत परत. या नळीला नळ, व्हॉल्व, बूच, काहीही लावायचं नाही. पोरांनी गंमत म्हणून चिंधी कोंबू नये एवढी ती उंच हवी.

थंड पाणी भांड्याच्या तळाशी आत येईल. आत शिरल्याबरोबर त्याच्यासमोर तळहाताएवढी पत्र्याची आडवी पट्टी ठेवा, म्हणजे ते तळालाच पसरेल आणि वरचं गरम पाणी ढवळणार नाही. गरम पाणी भांड्याच्या अगदी वरच्या अंगातून काढायचं. याचा मोठा फायदा असा की नळाला पाणी चार दिवसांनी येत असेल आणि छोटी टाकी कोरडी पडली, तरी भांडं भरलेलंच राहतं. तळाशी इंचाचा निचऱ्याचा नळ आणि हात आत जाईल एवढं बोल्टचं झाकण द्या. हे झाकण वेल्डिंगवाला टाळायला बघेल. टाळू देऊ नका, का ते क्षाराच्या मुद्द्यात येईल.

वरून हातभर खाली डायलचा तापमापक बसवला की अंदाजपंचे काम संपतं.

बाहेरून दोन इंच रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर गुंडाळून वर पातळ पत्रा मारा. एवढ्यावर रात्रभरात पाणी चार-पाच अंशांहून जास्त उतरत नाही. अट एकच: विस्तव पूर्ण विझल्यावर राखेच्या कप्प्याचं दार बंद केलं पाहिजे. नाहीतर नळ्यांमधून रात्रभर थंड हवा वाहते आणि भांडं आतून गार होतं. निखारे धुमसत असताना मात्र दार बंद करू नका.

धुरांडं आणि नळजोडणी

धुरांडं सहा इंची, जाळीपासून मोजून साडेचार मीटर, आणि जवळच्या छपराहून दोन-तीन फूट वर. ओढ उंचीने येते. आडवं वळण जितकं कमी तितकं बरं. वर टोपी आणि ठिणग्यांची जाळी.

बॉयलरपासून पहिले दीड मीटर लोखंडी किंवा तांब्याची नळी, पुढे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची नळी. साधी पांढरी पीव्हीसी गरम पाण्याने वाकते. नळीत कुठे उंचवटा राहिला की हवा अडकते आणि पाणी थांबतं, म्हणून उतार सलग ठेवा.

पहिली पेटवण

जोडणी झाली की आधी पाणी भरा आणि दिवसभर गळती बघा. भट्टी आठवडाभर सावलीत वाळू द्या, मग काही दिवस मूठभर काड्यांचाच जाळ. ओल्या भट्टीत एकदम मोठी आग घातली तर विटा तडकतात. रिकाम्या भांड्याखाली जाळ नको. चुकून भांडं कोरडं तापलंच, तर त्यात पाणी ओतू नका, आग ओढून काढा आणि गार होऊ द्या.

रोजच्या कामात काटा ६० च्या पुढे गेला की लाकूड घालणं थांबवा. ६० अंशांचं पाणी अंगावर काही क्षणांत भाजतं. बादलीत आधी थंड, मग गरम, ही सवय घरातल्या लहानग्यांपासून सगळ्यांना लावा.

जळतण

सगळ्यात चांगली वेडी बाभूळ आणि साधी बाभूळ, मनगटाएवढी, फोडून सहा महिने वाळवलेली. ओल्या लाकडातली बरीच ताकद त्यातलं पाणी आटवण्यातच जाते. तुराट्या झकास पेटतात, पण लवकर संपतात. त्यांनी आग धरायची आणि मग बाभळीवर सोडायची. सोयाबीनचं भुसकट सुटं टाकलं तर आग गुदमरते आणि धूर लोटतो.

पऱ्हाट्यांबद्दल एक अडचण आहे. गुलाबी बोंडअळी वाळलेल्या बोंडांत आणि पऱ्हाट्यांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते, म्हणून शेताच्या बांधावर त्यांचे ढीग रचू नयेत असं कृषी खातं सांगतं. वापरायच्या असतील तर वाळकी बोंडं झाडून काढा आणि पेरणीच्या आधी सगळ्या जाळून संपवा. पावसाळ्यापलीकडे साठवायला तुराट्या आणि बाभूळ ठेवा. प्लास्टिक, टायर, रंगवलेली फळी यातलं काही भट्टीत जाऊ देऊ नका.

क्षार आणि काजळी

आपलं बोअरचं पाणी जड. पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त बसतो, काटा ६० ला थांबवण्याचं हे दुसरं कारण. तो थर उष्णता अडवतो, मग खालचा पाट पाण्याऐवजी स्वतःच तापतो आणि एक दिवस फुगतो. दर महिन्याला, आग नसताना, निचऱ्याचा नळ उघडून बादलीभर गढूळ पाणी काढा. ते झाडांना चालतं. वर्षातून एकदा हाताचं झाकण उघडून खपल्या काढा. थर घट्ट असेल तर लिंबूसत्व पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोनदा धुवा. पहिल्या पावसाचं गच्चीवरचं पाणी सोडून पुढचं साठवता आलं तर बॉयलरला तेच द्या, क्षाराचा त्रास बराच कमी होतो.

नळ्यांना दर पंधरा दिवसांनी तारेचा ब्रश. सकाळी धुरांड्यातून दिसेल-न दिसेल असा धूर निघत असेल तर भट्टी ठीक चालली आहे. पेटून अर्धा तास झाला तरी काळा-पिवळा धूर येत असेल तर लाकूड ओलं आहे, वरच्या हवेची भोकं बुजली आहेत किंवा तुम्ही एकदम जास्त भरलं आहे, या क्रमाने तपासा.

मिरगाच्या आधी राख पूर्ण काढा. ओली राख पत्रा खाते, आणि पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या बॉयलरचं बूड तिथूनच सडतं. धुरांड्यावर डबा उपडा घाला, भांडं भरलेलं ठेवा, आणि दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगाआधी तो डबा काढायला विसरू नका.